उरलेलं मेण

सुकदेव पाटलाच्या हातून जन्मात कधी चूक झाली नव्हती. निदान त्याचं स्वतःचं तरी तसं म्हणणं होतं. लूमवर ताणा तुटला तर सूतच कुजकं, कापडाला डाग पडला तर तेलवाला आंधळा, आणि घरी चहात मीठ पडलं तर दोन्ही डबे शेजारी ठेवणारी बायको बेअक्कल. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या लूमखात्यात उभं आयुष्य काढून तो नवागामच्या घरी बसला, तेव्हा गल्लीतल्या लोकांना वाटलं, आता तरी हा माणूस थोडा नरमाईवर येईल. कसला येतोय. रिकामपणात त्याची अक्कल जास्तच उतू जायला लागली. ओट्यावर बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ले द्यायचा, आणि कोणी त्याला हसलं की चार-चार दिवस त्या माणसाशी अबोला धरायचा.

तरीही त्याला हसायला टपलेला एक माणूस होताच, समोरच्या घरातला चुलतभाऊ लोटू. सुकदेवचा त्याच्याशी अबोला इतक्या वेळा व्हायचा की दोघांनाही तो कधी सुरू झाला आणि कधी संपला याचा पत्ता लागत नसे.

श्रावण लागला, नागपंचमी झाली, आणि भाऊबंदांची कानबाई येत्या रविवारी सुकदेवच्या घरी बसायची ठरली. खानदेशातून सुरतेला आलेल्या माणसानं गाव सोडलं, शेत सोडलं, पण ही आपली देवी कानबाई काही सोडली नाही. त्याची बायको सुभद्राबाई आठवडाभर आधीपासून अंगात आल्यागत कामाला लागली होती. भिंतींना चुना दिला, दाराला ऑइल पेंट फासला, गोधड्या धुतल्या, भांडी चिंच लावून अशी घासली की तांब्यात तोंड दिसावं. भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतले आणि दळून आणले. ह्या पिठाचा तो रोट, कानबाईच्या प्रसादाची पोळी. तो भाऊबंदांनीच खायचा, परक्याला द्यायचा नाही, उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही, आणि मुख्य म्हणजे पौर्णिमेच्या आत कणभरसुद्धा उरू द्यायचा नाही.

गहू घेताना सुभद्राबाईनं पहिली मूठ वाल्मिकच्या नावानं घेतली होती. वाल्मिक हा त्यांचा एकुलता एक मुलगा. डुमस रस्त्याच्या पलीकडे, नदीच्या बाजूला किरणभाई सेठचं फार्महाउस होतं, तिथं तो राखणीला होता आणि राहायचाही तिथंच. गेल्या वर्षी कानबाईला सेठनं त्याला सुट्टी दिली नाही. रोट घराबाहेर न्यायचा नाही म्हणून वाल्मिकला पाठवताही येईना, आणि उरूही द्यायचा नाही. शेवटी त्याच्या वाट्याचा रोट सुकदेवनं खाल्ला होता. खाताना तो ‘घास कोरडा शे’ म्हणत दोन तांबे पाणी प्यायला. रोट कोरडा नव्हता, चांगला तुपात भिजलेला होता. सुभद्राबाईला ते ठाऊक होतं, पण तिनं त्या दिवशी त्याला काही म्हटलं नाही.

यंदा मात्र सेठनं शब्द दिला होता. त्याच्याकडे एक शिडाची होडी होती. मुंबईच्या कोणाकडून हौसेनं घेतलेली, फायबरची, पांढरीशुभ्र, आणि सेठाणीच्या नावावरून तिचं नाव ठेवलं होतं ‘चंचल’. नाव चंचल, पण आल्यापासून ती शेडमधल्या गाडीवरून जागची हलली नव्हती. ताडपत्रीखाली पडून पडून तिच्या अंगाला शेवाळ धरलं होतं आणि हात फिरवला तर खडूसारखी पांढरी भुकटी निघायची. सेठच्या मुलीचं लग्न ठरलं, होणारे व्याही शनिवारी संध्याकाळी बडोद्याहून यायचे ठरले, आणि सेठला एकदम होडी आठवली.

“शनिवार तक बोट चकाचक होनी चाहिए,” सेठ वाल्मिकला म्हणाला. “हो गई, तो रविवार-सोमवार तेरी छुट्टी.”

वाल्मिकनं लगेच घरी फोन लावला. “आप्पा, होडी घासनी शे, मेन लावनं शे. मी एकटा शनिवारलगून आटपाव नही. तुम्ही येतस का?”

सुकदेवला हेच पाहिजे होतं. तो पिशवी भरून निघाला तेव्हा लोटू दारात उभाच होता.

“भाऊ, होडीवर चालनात? पव्हता येस का?”

“होडी जमीनवर शे,” सुकदेव तोऱ्यात म्हणाला आणि रिक्षात बसला.

काम सोपं नव्हतं. आधी साबणाच्या पाण्यानं होडी धुतली, शेवाळ खरवडलं. मग वाल्मिकनं आणलेलं घासायचं कंपाउंड गोल गोल चोळून ती पांढरी भुकटी सगळी काढली. मग मेण. ते मऊ कपड्यावर थोडंसं घ्यायचं, हातभर जागेला पातळ लावायचं, वाळून धुरकट दिसायला लागलं की कोरड्या सुती कपड्यानं पुसायचं. आणि इथं पंचाईत झाली. साऱ्या देशाला साड्या नेसवणाऱ्या ह्या शहरात हवी तेवढी चिंधी मिळते, पण सगळी पॉलिएस्टरची. तिनं ओरखडे पडतात. सुती कापड काही मिळेना. शेवटी सुकदेवनं पिशवीतल्या आपल्या दोन्ही गंज्या काढल्या, तिसरी अंगातली काढली, आणि उघड्या अंगानं होडी पुसायला घेतली.

खरं सांगायचं तर त्यानं काम झकास केलं. होडीच्या पोटाखालचा भाग त्यानं पाठीवर निजून चोळला. उठताना कंबर धरून तीन वेळा देवाचं नाव घेतलं, पण हात थांबवला नाही. शनिवारी दुपारपर्यंत होडीचं अंग असं झळकायला लागलं की सुकदेवला त्यात स्वतःच्या मिशा दिसल्या. त्या त्यानं नीट केल्या.

“झायं, आप्पा,” वाल्मिक म्हणाला. “आते डबा बंद करी ठेवा. मी खुर्च्या लई येस.” आणि पाहुण्यांसाठी भाड्याच्या खुर्च्या आणायला तो टेम्पो घेऊन गेला.

सुकदेवनं झाकण लावायला डबा उचलला, तर आत जवळजवळ अर्धं मेण शिल्लक. आता एखाद्यानं झाकण लावलं असतं आणि बिडी ओढली असती. पण तो आठवडा कानबाईचा होता. काही उरू द्यायचं नाही, हे वाक्य घरात सकाळ-संध्याकाळ ऐकून सुकदेवच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. उरलेलं मेण पाहून त्याचा जीव कासावीस झाला.

तो शिडीवरून होडीत चढला. वरची बाजू कोणी पुसलेलीच नव्हती. शिवाय तिथली फरशी हाताला खरखरीत लागली, बारीक बारीक उंचवट्यांची. पाय घसरू नये म्हणून ती तशी करतात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची त्याला सवय नव्हती. बनवणाऱ्यानं काम अर्धवट सोडलंय, असा निकाल त्यानं देऊन टाकला. मग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं मेण लावलं. कडेच्या दोन्ही बैठकांना लावलं. डबा बोटानं निपटून घेतला आणि शेवटचं बोट सुकाणूच्या दांड्याला पुसलं. मग पाठीमागं पाठीमागं सरकत, चकाकी मोडू न देता, तो शिडीवरून खाली उतरला. इतकं समाधान त्याला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

संध्याकाळी सेठ व्याह्यांना घेऊन आला. व्याही गोरे, गुबगुबीत, पांढऱ्या सफारीतले, बोलायला कमी. सुकदेव शेडच्या खांबाआड शाबासकीची वाट बघत उभा राहिला. सेठनं होडीवरून हात फिरवला, मान डोलावली, आणि कौतुकानं व्याह्यांना म्हणाला, “पधारो, उपर पधारो.”

व्याही शिडी चढले. पहिलं पाऊल त्यांनी टाकलं. दुसरं त्यांना टाकावं लागलं नाही. पहिल्यावरच ते होडीच्या ह्या टोकाहून त्या टोकाला गेले, वाटेत डोलकाठी धरायला हात पुढे केला, तेवढ्यात डोलकाठी मागे पडली होती. कडेवरून ते तसेच खाली गेले. खाली काढून ठेवलेली ताडपत्री होती आणि तिच्यात गळक्या पत्र्यातून पडलेलं पावसाचं पाणी साचलेलं होतं, म्हणून हाडं वाचली. सफारी नाही वाचली.

कोणी हसलं नाही. तेच फार वाईट झालं. व्याही उठले, निथळत गाडीत जाऊन बसले.

“ऊपर किसने लगाया?” सेठनं विचारलं. त्याचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

सुकदेवनं तोंड उघडलं. मेण चांगल्या जातीचं नव्हतं, हवा दमट होती, पाहुण्यांचे बूट गुळगुळीत होते, अशी सगळी उत्तरं त्याच्या जिभेवर रांगेत उभी होती. फक्त जे उत्तर पाहिजे होतं तेच पुढे येईना.

“मैंने, सेठ,” वाल्मिक म्हणाला.

सेठनं त्याच्याकडे पाहिलं. “कल शाम को उनका पूरा परिवार आएगा, बोट के साथ फोटो खिंचवाने. अगर आए तो. तब तक ये सब निकाल. छुट्टी-बिट्टी भूल जा.”

गाडी गेल्यावर बाप-लेक ताडपत्रीतलं पाणी ओतत राहिले. वाल्मिकच म्हणाला, “जाऊ द्या, आप्पा. मायले सांगज्या, सेठनी थांबाडी लिधं.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सुकदेवला बरं वाटलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

घरी आला तेव्हा सुभद्राबाई कानबाईच्या चौरंगाला रंग देत होती. तिनं त्याच्या मागं दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

“वाल्मिक कोठे शे?”

“सेठनी थांबाडी लिधं. होडीवर, वरलीकडे, जरासं मेन लागी गयं.”

“लागी गयं?” सुभद्राबाईनं ब्रश खाली ठेवला. “आपेआप?”

सुकदेवनं पिशवी खुंटीला अडकवली.

“वाल्मिक डबाले झाकन लावस. संपाडाना नाद तुम्हले शे,” ती म्हणाली. मग तिनं खोदून खोदून सगळं काढून घेतलं. वाल्मिकनं बापाचा दोष आपल्या अंगावर घेतला, इथपर्यंत आल्यावर ती चौरंगाकडे वळली. पुन्हा ब्रश उचलला आणि चौरंगाचा एकच पाय पुन्हा पुन्हा रंगवत बसली. सुकदेवला वाटलं, ही ओरडली असती तर बरं होतं.

रविवारी सकाळी कानबाई बसली. नवी साडी, नथ, फुलांची वेणी, बघत राहावं असं रूप. भाऊबंद जमले. बाया रांधायला लागल्या आणि पुरुष नेहमीसारखे ओसरीवर मांडी घालून संध्याकाळच्या रोटाची वाट बघायला बसले. दिवसभर उपास, त्यामुळे गप्पाही सगळ्या खाण्याच्या. तेवढ्यात सुभद्राबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

“वाल्मिकनी मूठ ह्या पिठमा पडेल शे,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “तो पंगतमा नही बठना, ते रोट मोडाव नही.”

भाऊबंदांत सगळ्यांत वडील सुपडू आबा. त्यांनी घसा साफ केला. “पन सुभद्रा, त्याले सुट्टी नही ना.”

“मंग ऱ्हा सगळा उपाशी,” सुभद्राबाई म्हणाली आणि आत गेली.

नियम असा होता की नाही, यावर ओसरीत थोडी कुजबुज झाली. लोटू म्हणाला, नाही. सुपडू आबा म्हणाले, नसला तरी ते आत जाऊन तिला कोण सांगणार. ह्यावर सगळ्यांचं एकमत झालं. सुभद्राबाई पुन्हा बाहेर आली ती हातात एक बाटली घेऊन. दाराला रंग देताना आणलेलं टर्पेंटाइन होतं, निम्मं राहिलेलं. ती बाटली तिनं नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली.

“हाई बी उरेल शे,” ती म्हणाली. “जा, हाई संपाडी या.”

असे भाऊबंद दोन रिक्षांत कोंबून नदीकडे निघाले. वाल्मिक शेडमध्ये होडीत गुडघ्यांवर बसून साबणानं फरशी घासत होता आणि ती घासावी तितकी जास्त चमकत होती. सगळं कुटुंब फाटकातून येताना पाहून तो उठायला गेला आणि बसल्या जागीच अर्धी गिरकी घेऊन पुन्हा बसला.

मग उपाशी माणसांनी मेणावर राग काढला. ब्रश, काथ्या, टर्पेंटाइन, गरम पाणी. सुपडू आबा खालून हुकूम सोडत होते, लोटू मधूनमधून मोबाइलवर फोटो काढत होता आणि सुकदेव मान खाली घालून घासत होता. त्यानं कोणाला एक सल्ला दिला नाही. लोटूला ते इतकं अवघड गेलं की त्यानं दोनदा विचारलं, “भाऊ, बरं शे ना?” दुपार कलली तेव्हा फरशी पुन्हा खरखरीत झाली. पाय टाकला की बसत होता. पण बाटली रिकामी झाली आणि कडेच्या दोन्ही बैठका तशाच राहिल्या. सुकदेवनं एका बैठकीवरून बोट फिरवलं. बोट थेट टोकाला जाऊन थांबलं.

“बठानी जागा ऱ्हायनी,” वाल्मिक म्हणाला. “जाऊ द्या. फोटोले उभंच ऱ्हातस.”

सेठच्या गाड्या आल्या. सेठ होडीत चढला, पाय आपटून पाहिला, चार पावलं चालला. फरशी ठीक होती. त्यानं हसून गाडीकडे हात केला. बायका-मुलं उतरली, पण व्याही काही उतरेनात. काच खाली करून म्हणाले, “आम्ही इथंच बरे आहोत,” म्हणजे गुजरातीत म्हणाले, आणि काच वर केली. व्याही उतरेनात म्हणून विहीणबाई पुढे येईना, ती येईना म्हणून कोणीच येईना. सगळे नव्या कपड्यांत गाडीला टेकून होडीकडे पाहत उभे राहिले. सेठचा चेहरा पडला.

वाल्मिक पुढे झाला. “सेठ, साफ हो गया. मैं जाऊं?”

“कहीं नहीं जाना,” सेठ म्हणाला. “तेरी वजह से ये हुआ है. आज भी नहीं, कल भी नहीं.”

वाल्मिकनं मान हलवली आणि मागे सरला. तो भाऊबंदांकडे वळून हळूच म्हणाला, “जा तुम्ही. मायले सांगा, मन्ही मूठ आप्पाले देज्यो.”

हे सुकदेवनं ऐकलं आणि त्याच्या घशात गेल्या वर्षीचा तो तुपातला घास पुन्हा अडकला. त्यानं गाडीच्या काचेकडे पाहिलं. आतल्या माणसाला तो ओळखत नव्हता, पण त्याला काय झालंय ते सुकदेवइतकं तिथं कोणालाच कळलं नसतं. तो माणूस घसरायला भीत नव्हता. चारचौघांत पडला होता, आणि आता ह्या लोकांत पडलेला माणूस तो एकटाच होता. त्याच्या जागी सुकदेव असता तर त्यानंही काच वर केली असती, आणि चार दिवसच काय, जन्मभर खाली केली नसती.

त्यानं मागं पाहिलं. लोटू मोबाइल हातात धरून उभा होता. लोटूच्या मोबाइलमध्ये एकदा गेलेली गोष्ट नवागाममध्ये आणि तिथून थेट गावाकडे कशी जाते, हे सुकदेवला चांगलं ठाऊक होतं. तरी तो पुढे झाला.

“सेठ,” तो मोठ्यानं म्हणाला, गाडीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “वो मेण मैंने लगाया था. मेरा लडका तो बोलके गया था, डिब्बा बंद करो. गलती मेरी है.”

भाऊबंदांत कोणीतरी खोकलं. सुकदेवच्या तोंडून ‘गलती’ हा शब्द त्यांनी दुसऱ्यांबद्दलच ऐकला होता. आत काच थोडी खाली आली.

“देखो, अब कुछ नहीं होता,” असं म्हणत सुकदेव शिडी चढला. फरशीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं, छाती काढून, मिशांवर हात फिरवत, आपल्या खात्यात फेरी मारणाऱ्या मालकासारखा. “एकदम पक्का काम.” मग त्यानं धोतराचा सोगा सावरला, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले, आणि न घासलेल्या त्या बैठकीवर मोठ्या रुबाबात, सगळं अंग सोडून, बसला.

तो गेला. बैठकीच्या ह्या टोकाहून त्या टोकाला गेला, सुकाणूच्या दांड्याला एक प्रदक्षिणा घातली, आणि पाय वर करून कडेवरून पार झाला. ताडपत्री तिथंच होती. रात्रीच्या पावसानं पाणीही नवीन साचलं होतं.

मग गाडीचं दार उघडलं. आधी एक बारीक चिरका आवाज आला, मग तो फुटला, आणि व्याही पोट धरून हसत बाहेर आले. ते हसले म्हणून विहीण हसली, मुलं हसली, सेठ आधी दाबून आणि मग रडेपर्यंत हसला. व्याही चिखल तुडवत ताडपत्रीपाशी आले आणि सुकदेवला हात दिला.

“काका, वाग्युं तो नथी ने?” लागलं तर नाही ना, असं त्यांनी विचारलं. मग जरा वाकून, कोणाला ऐकू जाणार नाही असं, “कल मैं ज्यादा दूर गया था, या आज आप?”

सुकदेवच्या मिशांतून पाणी गळत होतं. “आप, सेठ,” तो म्हणाला. “आप बहुत आगे गए थे.”

व्याह्यांचा चेहरा फुलला. त्यांनी बूट काढले, सुकदेवच्या खांद्यावर हात ठेवून शिडी चढले आणि डोलकाठी धरून वर उभे राहिले. मग सगळं कुटुंब चढलं. फोटो झाले. एका फोटोत व्याह्यांनी आग्रहानं ओल्या सुकदेवला मध्ये घेतलं. सेठनं डोळे पुसत वाल्मिकला जवळ बोलावलं. “जा रे, ले जा अपने बाप को. मंगलवार को आना. और टेम्पो ले जा, ये रिक्शा में सूखेगा नहीं.”

वाल्मिक टेम्पो चालवताना मधूनमधून बापाकडे बघत होता. सुकदेव खिडकीबाहेर बघत होता.

ते नवागामच्या गल्लीत पोचायच्या कितीतरी आधी लोटूचा व्हिडिओ पोचला होता. घरात शिरताना सुकदेवला ते कळलंच. बाया पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. सुभद्राबाई मात्र हसत नव्हती. तिनं आधी वाल्मिकला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कानबाईपुढे त्याला डोकं टेकवायला लावलं. मग पंगतीचे पाट मांडले. सुकदेवच्या पाटावर तिनं धुतलेली गोधडी चौघडी करून ठेवली.

“त्या बठकवर मेन शे, हाई तुम्हले म्हाईत नव्हतं?” तिनं वाढता वाढता हळूच विचारलं. तिनं तो व्हिडिओ पाच वेळा पाहिला होता.

सुकदेव गोधडीवर जपून टेकला. समोर वाल्मिक बसला होता. लोटू कान टवकारून होता.

“इसरी गऊ,” सुकदेव म्हणाला. “मन्हा हातनी चूक व्हयनी.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य त्यानं तिच्यापुढे पहिल्यांदाच उच्चारलं, आणि तेही धडधडीत खोटं होतं. सुभद्राबाईनं त्याच्या रोटावर तुपाची धार धरली ती वाटी रिकामी होईपर्यंत सोडली नाही.

रोट मोडला. सगळे दिवसभराचे उपाशी, शिवाय होडी घासलेले, त्यामुळे बराच वेळ फक्त जेवणाचाच आवाज होता. जेवणं होत आली तेव्हा परातीत एक रोट उरला. सुकदेवचं लक्ष त्याच्याकडे गेलं आणि सवयीनं हात पुढे झाला. सुभद्राबाईनं त्या हातावर चापट मारली, रोट उचलला आणि वाल्मिकच्या ताटात ठेवला.

“तुम्हले संपाडानी इतली घाई कसाले?” ती म्हणाली. “खानारा आज घरमा शे.”